अव्वलराव

अव्वलराव हा एक माणूस नव्हे, जमात आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात ती गल्लोगल्ली सापडते, नांदेडच्या भाग्यनगरातही कमी नाही. खूण एकच: यादी दिसली की तिच्या डोक्यावर बसायचं.

दुखणं शाळेतलं. आडनाव ‘ह’चं. हजेरीत यांचा नंबर येईपर्यंत गुरुजींचा आवाज बसलेला आणि पंधरा ऑगस्टचे लाडू संपलेले. मोठेपणी क्लास काढला तेव्हाच ठरवलं, आता मागं राहणं नाही. लातूर पॅटर्ननं सगळ्या गावाला गुणांची यादी वाचायला शिकवलं. अव्वलरावांनी अक्षरांची धरली. तिला अभ्यास लागत नाही.

पहिलं नाव ‘विजय क्लासेस’. इंटरनेटवरच्या यादीत ते तळाला गेलं, म्हणून ‘अजय’ केलं. शेजाऱ्यानं ‘अक्षय’ काढलं. मग यांनी ‘अंकुर’ काढलं. अंकलिपीत ‘अं’ बिचारा ‘औ’च्याही मागं उभा असतो, पण संगणकाच्या साध्या क्रमवारीत प्रत्येक अक्षराला दिलेले युनिकोडचे क्रमांक चालतात, आणि तिथं अनुस्वार सगळ्या अक्षरांच्या आधी. वर्षभर अव्वलराव छाती काढून हिंडले.

मग कुठंतरी वाचलं, की बेझोसनं ‘ॲमेझॉन’ नाव ठेवताना यादीत वर येण्याचाही हिशेब केला होता. लगेच पाटी बदलली: ‘ॲम्बिशन अकॅडमी’. आता हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला २००८ साली, तोवर पुढच्या जागा भरलेल्या. अकॅडमी थेट ‘ह’च्याही खाली! घाबरून ‘१ नंबर क्लासेस’ केलं, तर मराठी आकडेही ‘ह’नंतरच. शेवटी मुकाट्यानं ‘अंकुर’वर आले. छपाईवाल्यानं मात्र त्या साली नवी मोटारसायकल घेतली.

विधानसभेला अपक्ष उभे राहिले तेही वर्णानुक्रमाच्या भरवशावर. पण मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, अपक्ष शेवटी; अक्षरांचा क्रम ज्याच्या त्याच्या गटात. एका यंत्रावर ‘नोटा’ धरून १६ जागा. अव्वलराव पहिले आले, पण दुसऱ्या यंत्रावर.

लातूरच्या गंजगोलाई बाजारात मात्र ते दुकान घेत नाहीत. सोळा रस्ते गोल फुटलेले. पहिला कोणता, हे कुणाला विचारणार?

तरी यादीचा महिमा खोटा नाही. जूनमध्ये त्यांचा फोन सकाळपासून वाजतो. परवा मुखेडहून एक पालक बोलत होते, “सर, तुमचं नाव सगळ्यात वरी दिसू लालंय, म्हणून तुम्हालाच लावला. आमच्या भावकीतलं पोरगं एमबीबीएसला लागलं बघा, तो क्लास कुठं आला?”

अव्वलरावांनी खुणांसकट पत्ता सांगितला आणि फोन ठेवून माझ्याकडं वळले. “बघितलं? पहिला फोन आपल्यालाच.”