ई-क्रीडकाचा व्यायाम : विधी आणि निषेध

स्पर्धात्मक व्हिडिओ गेमिंगमध्ये, म्हणजे ज्यास ई-स्पोर्ट्स म्हणतात त्या क्रीडाप्रकारात, खेळाडूचे शरीर हे एक उपांग मानले जाते आणि दोन अंगठे चार्जरपर्यंत वाहून नेणे एवढेच त्याचे कार्य असते. या उपांगाची किमान निगा कशी राखावी, हे सांगणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू असून, त्यासाठी बीजीएमआय हा मोबाइलवरील खेळ उदाहरणादाखल घेतला आहे. त्यात शंभरएक जण एका बेटावर उतरतात, अखेरीस एक चमू उरतो आणि बाकीचे सर्व पिंगला दोष देतात. (पिंग म्हणजे फोन व सर्व्हर यांच्यात संदेशाच्या जाण्यायेण्यास लागणारा वेळ, व्यवहारात मात्र पराभवाचे सर्वमान्य कारण.)

प्रथम वेळेचा हिशेब मांडावा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० हर्ट्झच्या पडद्यावर ८.३, आणि या आठेक मिलिसेकंदांच्या लाभासाठी क्रीडक नव्या फोनचा विषय वडिलांपुढे दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत लावून धरतो. उलट, शत्रू दिसल्यापासून बोट हलेपर्यंत निरोगी तरुणासही साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, पहाटे तीनपर्यंत ‘लास्ट मॅच’ खेळलेल्यास त्याहून अधिक; परंतु हा विलंब वॉरंटीत बसत नसल्याने त्याची तक्रार कोणी करत नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली असे दाखवले की, पंधरा मिनिटांचा तीव्र व्यायाम, म्हणजे थोडा वेळ सारा जोर आणि मग थोडी उसंत अशी आवर्तने, केल्यानंतर ‘लीग ऑफ लेजंड्स’ खेळणाऱ्या तरुणांनी अधिक लक्ष्ये टिपली आणि त्यांची अचूकताही वाढली. पंधरा मिनिटे हा काळ लॉबीत, म्हणजे सामन्यापूर्वीच्या प्रतीक्षाकक्षात, चौथ्या भिडूची वाट पाहण्यात सहज जातो, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

अंगठ्याचे प्रकरण स्वतंत्र विचार मागते. डावा अंगठा पळतो, उजवा नेम धरतो आणि ‘क्लॉ’ पद्धतीत दोन्ही तर्जन्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाकून पडद्याच्या वरच्या कडेवर टेकतात. अंगठ्यास हलवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटाच्या कडेला एकाच अरुंद म्यानातून जातात. अतिवापराने ते म्यान जाड झाले की त्या घासू लागतात, आणि या विकारास ‘डी कर्व्हेन’ असे भारदस्त नाव आहे. अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीकडे झुकवताना ‘आई गं’ निघाले, तर वैद्याकडे जावे. पण जातो कोण? उत्तर अमेरिकेतील महाविद्यालयीन ई-क्रीडकांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४० टक्के खेळाडू कोणताही व्यायाम करत नव्हते आणि दुखण्यासाठी वैद्यकीय सल्ला घेणारे अवघे २ टक्के होते. भारतीय अंगठ्यांना दीर्घ विश्रांती लाभली ती जुलै २०२२ ते मे २०२३ या काळात, आणि तीही वैद्याच्या नव्हे, बीजीएमआयवरील सरकारी बंदीच्या कृपेने.

प्रत्यक्ष विधी सोपा आहे. आरंभी दहा सूर्यनमस्कार घालावेत. मात्र घामेजल्या बोटांनी पडद्याला हात लावू नये, कारण अंगठा घसरून बाँब स्वतःच्याच चमूत पडतो, आणि त्या वेळी भिडू जे बोलतात ते या विवेचनाच्या कक्षेबाहेर आहे. बेटावर उतरल्यानंतर व्यायाम निषिद्ध आहे. मृत्यू आल्यावर मात्र, उरलेल्या भिडूंना शिव्या देण्याच्या जागी, सामना संपेपर्यंत बैठका माराव्यात. यात एकच शास्त्रीय अडचण संभवते: जो लवकर मरतो त्याच्या बैठका अधिक होतात, बैठका झाल्या की दम टिकतो, दम टिकला की तो लवकर मरेनासा होतो, आणि बैठका सुटतात.