निष्ठावंतांचं घड्याळ
रोलेक्सच्या विक्रेत्यांची कृतज्ञता वेगळीच म्हणे. गिऱ्हाईक जुनं, दोन-चार घड्याळं घेतलेलं असलं, की त्याला त्यांचं डेटोना घड्याळ विकत घ्यायची संधी मिळते. तीही रांगेत थांबून!

आमच्या नारायणगाव-मंचर पट्ट्यात रीत साधी. खता-औषधांची उधारी वर्षानुवर्षं वेळेवर फेडली, की दुकानदार दिवाळीला भिंतीवरचं घड्याळ देतो. त्यावर आकड्यांपेक्षा दुकानाचं नाव ठळक. सेल आपला.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोचं २० किलोचं क्रेट २,००० रुपयांवर गेलं, तेव्हा पोरगं म्हणालं, “दादा, रोलेक्स घेऊ.” म्हटलं, लाव नंबर. सप्टेंबरात भाव पार बसला. नंबर काही लागला नव्हता, ते बरंच झालं. भिंतीवरचं मात्र साडेदहावर अडकलंय; सेल आणायचा राहूनच जातो.