जूनमध्ये ताजी सुरमई मागणाऱ्यांस

प्रति,
मालवणला निघालेले समस्त गोंदियाकर पर्यटक,



आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे मे महिना लग्नांत घालवून तुम्ही जूनमध्ये समुद्राकडे निघता, हे ठीकच. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूर गाठायचं, पुढे घाट उतरायचा. अख्खं राज्य आडवं कापून माणूस आला म्हटल्यावर समुद्रानं सज्ज राहायला नको?

नसतो, ही त्याची मग्रुरी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. म्हणे विणीचा हंगाम! माशांना दुसरे महिने नव्हते? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचं काम काढलं, तेव्हा आपल्या सुट्ट्या विचारात घेतलेल्या दिसत नाहीत. तुम्ही किनाऱ्यावरूनच सेल्फी काढा आणि 'किल्ला केला' म्हणून मोकळे व्हा. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, भर समुद्रात. पण बाटलीबंद पाणी जेटीवरही मिळतं.

जेवायला बसलात की मात्र 'फ्रेश आहे ना?' हे विचाराच. वेटर 'एकदम ताजी' म्हणेल. डोळे चकचकीत आहेत का, कल्ले लाल आहेत का, हे बघण्याच्या भानगडीत पडू नका. सुरमईच्या तुकडीला ना डोळे असतात ना कल्ले. रव्यात घोळवून तव्यावर पडली, की ती बर्फात किती दिवस होती हे ती सांगत नाही. मेन्यूकार्डावर तिच्यापुढे भाव नसेल, 'सिझनप्रमाणे' असेल. तेही मुकाट द्या.

हिवाळ्यात गेलात, तर रापण ओढणारी माणसं दिसण्याचा धोका आहे. गुडघाभर पाण्यात दोर ओढतात आणि नेमकी आपल्या फोटोत येतात. जाळं किनाऱ्याला लागलं की त्यात कधी बांगडा असतो, कधी नुसता कचरा. पर्ससीनवाले मासळी ओरबाडून नेतात म्हणून ही रापणवाली माणसं वर्षानुवर्षं भांडताहेत. तुम्ही 'जरा बाजूला व्हा ना भाऊ' म्हणा.

इकडे गोंदियात, कामठ्याच्या बाजूला, माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावांवर आपले ढिवर भाऊ पहाटेच जाळं टाकतात. त्यांच्या टोपलीतली मरळ शेपटी आपटत असते, पण तिथं तुम्हाला फोटो सुचत नाही. वीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस सुचते.

तेव्हा विनंती एवढीच: मालवणला डिसेंबरात जा, जूनमध्ये घरीच मरळ खा, आणि तिचा भाव पाडू नका.

आपला,
कामठ्याचा एक मासेखाऊ