नव्याण्णव स्लॅश बारा

महिन्याची वीस तारीख, जीएसटीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस आणि इंटरनेट जवळजवळ बंद. अशा वेळी अकाउंट्सच्या टेबलापासून मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत एकच आरोळी उठते, "राऊटर बंद करून चालू करा!" आणि रॅकसमोर पाय रोवून उभा असलेला एक गृहस्थ शांतपणे म्हणतो, "आधी स्लॅशनंतरचा आकडा बघू."

तुम्ही ओळखताच त्याला. भोसरी, अंबड, वाळूज, जिथे पन्नास-साठ संगणक आणि सिस्कोचा एक जुना राऊटर आहे तिथे तो असतोच. खांद्याला सॅक, सॅकमध्ये फिकट निळी चपटी कन्सोल केबल, काखेत दोनशे पानी वही. हुद्दा 'आयटी', त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी त्यालाच हाक. तो येतो, कागद काढतो, पण जीव राऊटरमध्ये.

स्लॅशचं प्रकरण असं. या राऊटरला 'शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड' असं विचारलं की पहिल्याच ओळीत गेल्या पाच सेकंदांचा भार दिसतो : ९९%/१२%. पहिला आकडा एकूण. दुसरा इंटरप्टचा, म्हणजे मुख्यतः आलेली पॅकेट्स झटपट पुढे धाडण्यात गेलेला वेळ. दोन्ही जवळजवळ असले तर ट्रॅफिकच जास्त आहे, राऊटर लहान पडतोय. दुसरा बारीक असला तर आतलीच एखादी प्रोसेस सीपीयू खातेय आणि तिचं नाव खालच्या यादीत सगळ्यात वर असतं. रीबूट केलं की हा पुरावा जातो आणि दुखणं मात्र परत येतं. हे त्यानं सगळ्यांना समजावलं आहे. कँटीनमध्ये, जिन्यात, एकदा तर लिफ्ट अडकली तेव्हा आतल्या सहा जणांना.

घरीही सुटका नाही. डॉक्टरांनी बायकोचं ब्लडप्रेशर १५०/९० सांगितलं, तर हा म्हणाला, "फरक साठचा. ट्रॅफिक नाही, प्रोसेसचा भार आहे." डॉक्टरांनी गोळी बदलली, बायकोनं दवाखान्यात न्यायचा माणूस बदलला. गावी भावानं शेताचा ७/१२ पुढे केला तेव्हा हा अडून बसला. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असूच कसा शकतो? हे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा आहेत, असं तलाठ्यानं सांगितलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

वैताग येतो तो याचा, की बहुतेक वेळा त्याचंच खरं निघतं.

त्या वीस तारखेला यादीत वर होतं 'एआरपी इनपुट'. आदल्या आठवड्यात नवी लीज्ड लाइन आली होती. जोडणाऱ्या पोरानं डिफॉल्ट राऊट लिहिताना पलीकडच्या गेटवेचा पत्ता न देता नुसतं इंटरफेसचं नाव दिलं होतं. मग राऊटर बिचारा बाहेरच्या प्रत्येक नव्या पत्त्यासाठी "हा कोणाचा? हा कोणाचा?" असं ओरडत राहिला, वरातीत हरवलेल्या पोराच्या मामासारखा. एका ओळीची दुरुस्ती. रिटर्न गेलं. अकाउंट्सनं पेढे वाटले, पण ते आपापसात.

दुसरा प्रसंग अधिक मासलेवाईक. वरिष्ठांनी एका प्रदर्शनातून देखरेखीचं सॉफ्टवेअर आणलं : भिंतीवर मोठा पडदा, त्यावर हिरवे-लाल काटे. काटा सतत लालच! यानं यादी काढली. वर 'एसएनएमपी इंजिन'. ते सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी राऊटरकडून अख्खं राउटिंग टेबल आणि एआरपी टेबल वाचून घेत होतं. सीपीयूवर लक्ष ठेवायला आणलेलं भूत सीपीयूच खात होतं. यानं ती विचारणा बंद केली, काटा हिरवा झाला आणि वार्षिक सभेत सॉफ्टवेअरचं कौतुक झालं.

नव्या पोरांना तो छळतो, पण त्या छळात माया असते हे उशिरा कळतं. एकानं भर दुपारी 'डिबग ऑल' टाइप केलं होतं. कामावर गंभीर परिणाम होईल, पुढे जायचं का, असं राऊटरनं विचारलं आणि पोरानं हो म्हटलं. ९६०० बॉडच्या कन्सोलवर अक्षरांचा पूर आला, राऊटर गुडघ्यावर. तेव्हापासून त्याचा दंडक : कुठलंही डिबग लावायच्या आधी 'अनडिबग ऑल' टाइप करून एन्टर मारायचं. पडदा पळायला लागला की वरचा बाण दोनदा दाबायचा आणि पुन्हा एन्टर. दिसलं नाही तरी चालतं. त्या पोराला त्यानं साहेबांसमोर वाचवलं. "लाइनचा प्रॉब्लेम होता," म्हणाला. त्याच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव खोटं.

वहीत सगळं आहे. पहिल्या वहीत २५ जानेवारी २००३ चं पान : एसक्यूएल स्लॅमर नावाचा वर्म, ३७६ बाइट, यूडीपी १४३४, सकाळी अकरापासून. शनिवार, दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, आणि हा रॅकपाशी. तेव्हा स्लॅशनंतरचा आकडा ८८ होता, लाल शाईत.

आता कंपनीत नवा राऊटर आला आहे. पॅकेट हलवण्याचं काम त्यात वेगळ्या कोअरवर चालतं, त्यामुळे नेहमीच्या ओळीत स्लॅशनंतर बहुतेक वेळा शून्य किंवा एक दिसतो. खरा भार बघायला दुसरी, लांबलचक कमांड आहे. ती त्याला पाठ आहे. पण सवयीनं तो आधी जुनीच मारतो, शून्य बघतो, वहीत शून्य लिहितो. नवे साहेब म्हणतात, हे सगळं आता क्लाऊडच्या डॅशबोर्डवर दिसतं, वह्या कशाला?

तुमच्याकडचा असा गृहस्थ निवृत्तीला आला असेल तर निरोप समारंभात शाल-श्रीफळ द्याच, पण त्याआधी त्या वह्या मागून घ्या. राऊटरचा पासवर्डही बहुधा त्यांतच असेल.