गुरूचा स्वभाव

ग्रहांच्या बाबतीत इंग्रजांचं आणि आपलं शनीपुरतं एकमत आहे. त्यांच्याकडे सॅटर्नाइन माणूस म्हणजे कुढा, तुसडा, आपल्याकडे साडेसाती. भांडण लागतं ते गुरूवरून.

इंग्रजीत खुशमिजास माणसाला जोव्हिअल म्हणतात. जोव्ह म्हणजे रोमन देवराज ज्युपिटर. त्याचा ग्रह ज्याच्या जन्मवेळी बलवान, तो गडी हसरा आणि गप्पिष्ट, असं युरोपातले ज्योतिषी मानत. लॅटिनचा हा शब्द इटालियन, फ्रेंच असे मुक्काम करत सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला. शेक्सपिअरने तो चांगलाच कामाला लावला. राजाचा खून करून बसलेल्या मॅकबेथला त्याची बायको बजावते, की रात्री पाहुण्यांसमोर जोव्हिअल राहा!

गुस्टाव्ह होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९१४ ते १९१६ या काळात ग्रहांवर वाद्यवृंदाची मोठी रचना केली. त्यात मंगळाला युद्ध दिलं आणि ज्युपिटरला आनंद. गंमत म्हणजे हा गृहस्थ संस्कृत शिकला होता. ऋग्वेदातली सूक्तं स्वतः इंग्रजीत आणून त्याने स्वरबद्ध केली, सावित्रीवर ऑपेरा लिहिला. ज्युपिटर आणि ऋग्वेदातला द्यौष्पितर ही नावं मुळात एकच, तेव्हा ओळख घरातलीच. तरीही त्याला गुरू हसराच दिसला. पत्रिका जुळवण्याची वेळ त्याच्यावर आली नसावी.

कारण त्यांचा गुरू पंगतीत आग्रह करकरून वाढणारा यजमान, तर आपला थेट देवांचा मास्तर. बारा वर्षांनी तो सिंह राशीत शिरला की नाशिक-त्र्यंबकला कुंभमेळा भरतो आणि जुन्या वळणाच्या घरांत लग्नं थांबतात. एरवीही मुलीच्या राशीपासून तो चौथा, आठवा किंवा बारावा असला की भटजी मान हलवतात, ‘गुरुबळ नाही.’

हे दोन्ही गुरू हल्ली एकाच कागदावर भेटतात. माझ्या भाचीसाठी स्थळं पाहणं सुरू आहे आणि मामा म्हणून बायोडेटा वाचायचं काम माझ्याकडे आहे. स्वभावाच्या रकान्यात जो तो जोव्हिअल. महाराष्ट्रात एकही घुमा मुलगा उरलेला नाही, ही माहिती मला नवीन होती. (फोटोत मात्र सगळे आधार कार्डावरच्यासारखे.) म्हणजे वर इंग्रजीत गुरू खिदळतो आणि खाली कुंडलीत तोच डोळे वटारतो. एक फार चांगलं स्थळ खालच्या गुरूने घालवलं. वरच्याने मध्यस्थीसुद्धा केली नाही.

तेव्हा उपवर मंडळींनो, या मामाचं ऐका आणि त्या रकान्यात सरळ ‘हसतमुख’ लिहा. त्याला गुरुबळ लागत नाही. फोटो तेवढा बदला.