साडेनऊला वीज जाणार नाही

आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, मागच्या महिन्याचं बिल ‘अपडेट’ झालेलं नाही, लगेच या नंबरवर साहेबांशी बोला. हा मेसेज महाराष्ट्रात काही वर्षांपासून फिरतो आहे. बिल भरलेलं असतं, पावतीही ड्रॉवरमध्ये असते. तरी हात फोनकडे जातो, कारण सात वाजलेले असतात आणि नातीची उद्या परीक्षा असते.

वीज कायदा २००३, कलम ५६ वाचा. थकबाकीपोटी वीज तोडायची तर आधी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे तो मेसेज खोटा ठरवायला ‘आज रात्री’ एवढे दोन शब्द पुरेत. आपले असे मेसेज कुणाच्या खासगी मोबाईलवरून जात नाहीत, हे महावितरणनेही अनेकदा सांगितलं आहे. हे कलम विजेच्या प्रत्येक बिलावर ठळक छापायला हवं.

फोन केलाच, तर पलीकडचा माणूस अदबीनं बोलतो. फक्त दहा रुपये भरा, नोंद होऊन जाईल, म्हणतो. त्यासाठी एक अॅप टाकायला लावतो. त्या अॅपमधून तुमच्या फोनची स्क्रीन त्याला जशीच्या तशी दिसते. दहा रुपये भरताना तुम्ही टाकलेला कार्ड नंबर आणि आलेला ओटीपी तो वाचत बसलेला असतो. त्या दहा रुपयांत त्याला रस नसतोच.

हाच डाव वाहनाच्या दंडाच्या नावानं व्हॉट्सअॅपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाईल पाठवून खेळतात. सरकार दंड आकारायला एपीके फाईल पाठवत नाही. ‘पैसे जमा व्हायला पिन टाका’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

लिंकमधलं संकेतस्थळाचं नाव शेवटाकडून वाचायचं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय लिहिलंय ते पाहा. केंद्र आणि राज्य सरकारची संकेतस्थळं तिथे साधारणपणे ‘डॉट गव्ह डॉट इन’नं संपतात. बँकेचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला कुणीही चिकटवू शकतं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, ते याचसाठी. उशिरा सांगितलं. तोवर खुद्द बँकाच ग्राहकांना आखूड, न ओळखता येणाऱ्या लिंक पाठवत होत्या. खरं-खोटं ओळखायचं कशावरून?

एका वाक्याचा मला मनापासून राग आहे. ‘एवढे शिकलेले, आणि फसलात कसे?’ हे घरच्यांच्या तोंडून ऐकावं लागेल या धास्तीनं माणूस रात्रभर गप्प बसतो. तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जाऊन काढलेही जातात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार गेली की ज्या बँकांच्या खात्यांतून पैसे पुढे सरकतात त्यांना कळवून ते वाटेत गोठवता येतात, पण पैसे अजून खात्यात असतील तरच. बँकेलाही त्याच वेळी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे, पासवर्ड तुम्ही स्वतः दिला असला तरी, बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. त्या धास्तीत गेलेला अर्धा तास म्हणूनच महागात पडतो.

आज घरी गेलात की आईबाबांच्या फोनमध्ये १९३० सेव्ह करून द्या. आणि त्यांना सांगा, काही गडबड झालीच तर मध्यरात्रीही मला उठवा, मी एक शब्द बोलणार नाही.