येत्या शुक्रवारी

आमच्या इतिहास विभागाच्या दाराशी एक सूचनाफलक आहे. हिरव्या बनातीचा, वर सरकत्या काचा, काचांना कुलूप. आणि त्या कुलपाची किल्ली निवृत्त झालेल्या एका शिपाईमामांच्या खाकी डगल्याबरोबर गावी गेली, असा विभागात सार्वत्रिक समज आहे. त्यामुळे नवी सूचना लावायची म्हणजे काच चार बोटं सरकवायची, फटीतून हात घालायचा आणि जिथवर पोचेल तिथे टाचणी टोचायची. उंच्यापुऱ्या सरांचं साधंसुधं व्याख्यान अशा रीतीने फलकाच्या ऐन मध्यावर विराजमान होतं, आणि ठेंगण्या बाईंचं अखिल भारतीय चर्चासत्र कडेला, स्टँडवर शेवटच्या बाकावर बसलेल्या उतारूसारखं, अंग चोरून राहतं.

सध्या फलकावर बरीच गर्दी आहे. येत्या शुक्रवारी दुपारी ३ वाजता व्याख्यान, अडीच वाजता चहा. सोमवारपासून मोडी लिपीची कार्यशाळा. गुरुवारी एका पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा, ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ या जरबेच्या वाक्यासह. पाऊस उघडल्यावर राजगडची सहल. आणि खाली डाव्या कोपऱ्यात निरोप समारंभ, ‘तारीख नंतर कळवण्यात येईल’. हे सगळं मी परवा चष्मा पुसून सावकाश वाचलं, तेव्हा लक्षात आलं की यातल्या एकाही कागदावर साल नाही. वार आहेत, वेळा आहेत, चहा तर ठळक अक्षरांत आहे. साल मात्र कुणाच्या मनातही आलेलं नाही.

आता ही चूक भूगोल विभागात झाली असती तर मी पुढे गेलो असतो. पण आमचं घराणंच तारखांवर पोसलेलं. शिवरायांचा जन्म १६२७चा की १६३०चा, यावर आमच्या पूर्वसूरींनी पिढ्यान् पिढ्या लेखण्या झिजवल्या. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद सापडली, तरी वाद लगेच मिटला असं नाही. चांगला वाद असा एका कागदाने मिटत नसतो. पेशवाईतली पत्रं तर सालाच्या बाबतीत आमच्या फलकाचेच आजोबा. अखेरीस ‘छ’ लिहायचं, पुढे चंद्राची तारीख आणि जमादिलाखर की रबिलावल तो महिना, की झालं. ज्याला पत्र गेलं त्याला साल ठाऊकच होतं. आपण दोनअडीचशे वर्षांनी चोरून वाचणार आहोत याची त्या बिचाऱ्या कारकुनाला काय कल्पना! मग मोडक जंत्री काढा, खरे जंत्री काढा, पत्रात कुणाच्या आजारपणाचा उल्लेख आहे का पाहा, कुठल्या मोहिमेचा आहे का पाहा, आणि कंसात भितभीत साल घाला. राजवाड्यांनी खेडोपाडी हिंडून, दप्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८मध्ये काढला. असे बावीस खंड झाले. त्या परंपरेतले आम्ही, आणि आमचा शुक्रवार कुठल्या सालातला हे आमच्या नातवंडांना जंत्रीतून काढावं लागणार.

कार्यक्रमांचं म्हणाल तर त्यांचेही स्वभाव ठरलेले आहेत. मौखिक परीक्षेत सहा वर्षांचं संशोधन सव्वा तासात उरकतं. प्रबंधाच्या तळटीपांवर शंका निघतात, नंतरच्या बटाटेवड्यांवर कधी निघत नाहीत. व्याख्यानात अध्यक्षांचा समारोप वक्त्याइतकाच लांबतो. राजगडची सहल गुंजवण्यात उतरेपर्यंत गाण्यांच्या भेंड्यांची असते, चोरदरवाज्याच्या चढावर ती अध्यात्माकडे झुकते. एकदा सुवेळा माचीवरच्या नेढ्यात आमचे एक फार बोलके सहकारी बसले. आरपार वारा वाहत होता. तासभर ते एक अक्षर बोलले नाहीत. महाराजांचं वास्तव्य तिथे इतकी वर्षं का होतं, ते त्या तासात मला जेवढं उमगलं तेवढं त्यांच्या चार भाषणांत उमगलं नव्हतं.

पण माझा खरा जीव मोडीच्या कार्यशाळेवर. पहिल्या दिवशी वर्ग भरून वाहतो, आठवड्याने नऊ जण उरतात. उरणाऱ्यांत एखादे तरी निवृत्त गृहस्थ असतात, पत्र्याच्या डब्यात घरचे कागद घेऊन आलेले. मागच्या खेपेला असेच एक आले होते. घरात पिढ्यान् पिढ्या समजूत अशी, की डब्यात इनामाची सनद आहे. सातव्या दिवशी आम्ही दोघांनी बोट ठेवून ठेवून कागद लावला. पणजोबांनी शेजारच्या गावातून सव्वा मण जोंधळे उसने आणल्याची ती चिठ्ठी निघाली. मला वाटलं, आता हे खचणार. त्यांनी मात्र चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, “परत केले होते का हो?” कागद नेमका तिथेच फाटला होता.

तर परवा शुक्रवारची सूचना नीट लागावी म्हणून मी फटीतून हात घातला आणि जुन्या टाचण्या उपसू लागलो. डेक्कन कॉलेजची मंडळी टेकाड खणतात तसे थर निघू लागले. संगणकावर छापलेल्या सूचनांच्या खाली टंकलिखित, त्याखाली सायक्लोस्टाइलच्या, आणि सगळ्यांच्या तळाशी, बनातीला चिकटून बसलेला, हाताने लिहिलेला एक पिवळा चतकोर. ‘उद्या दुपारी ४ वाजता सरांचे व्याख्यान. विषय : पानिपत. चहासाठी प्रत्येकी पन्नास पैसे आणावेत.’ बस्स. साल नाही, महिना नाही, वारसुद्धा नाही. सर म्हणजे कोणते सर, तेही नाही. कसला हा बेजबाबदार सचिव, असं म्हणत मी खालची सही वाचली. ती माझी होती.

संध्याकाळी तो कागद घरी आणला आणि रीतसर कालनिर्णयाला बसलो. अंतर्गत पुरावा एकच, पन्नास पैसे. शाई निळी, तिचा उपयोग नाही. तोंडी पुरावा म्हणून बायकोला बोलावलं. ती त्या व्याख्यानाला होती, आम्ही पहिल्यांदा बोललो ते तिथेच. “तुम्ही एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतात,” ती म्हणाली. मी म्हटलं, पहिल्या. ती म्हणाली, पाऊस होता. मी म्हटलं, थंडी होती, सरांनी मफलर गुंडाळला होता. “मफलर ते बाराही महिने गुंडाळायचे,” ती म्हणाली, आणि माझा एकुलता एक दुय्यम पुरावाही बाद झाला. एकाच गोष्टीवर दोन्ही साक्षी जुळल्या : माझ्याकडे सुटे नव्हते, आणि माझे पन्नास पैसे तिने भरले होते. ते परत केले होते का, यावर कागदपत्रं गप्प आहेत.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पानिपतावर बोलताना ते १४ जानेवारी १७६१च्या दुपारपाशी येऊन नेहमी थांबत, पाण्याचा पेला उचलत आणि न पिताच खाली ठेवत. आमच्या फलकावर मात्र, तीन थरांखाली, त्यांचं व्याख्यान इतकी वर्षं उद्याच होतं.

जुन्या काळी पत्र हाती आलं की घेणारा त्यावर पैवस्तीची तारीख टाकून ठेवी. काल सकाळी मी तो चतकोर होता तिथेच परत लावला. पेन्सिलीने साल घालायला गेलो आणि तसाच थांबलो. शुक्रवारच्या सूचनेवर मात्र दिवस, महिना, साल सगळं लिहिलं. आपण अवश्य यावं. चहा अडीचला आहे, आणि हल्ली त्याचे पैसे पडत नाहीत.